नाकाला न कळलेली मिरची

माझं लग्न करपलेल्या पोह्यांमुळे ठरलं. इंदूरला आमच्या घरी हे मला बघायला आले आणि बैठकीत टेकतात न टेकतात तोच नाक वर करून म्हणाले, "पोहे खाली लागले वाटतं." पोहे अजून आत कढईतच होते. माझ्या आईचा पारा चढला. पहिल्याच वाक्यात खोट काढणारा जावई पुढे काय दिवे लावणार! मी कालथ्याने कढई खरवडून पाहिली, तर खरंच खाली काळा थर. मला हसू आवरेना. तशीच हसत चहा घेऊन बाहेर गेले, आणि त्या हसण्याचा ह्यांनी आपल्या सोयीचा अर्थ लावला. तेव्हापासून मी बनारसची झाले.

हे म्हणजे विश्वेश्वर गद्रे, बनारसच्या दूधविनायक मोहल्ल्यातले. महाराष्ट्रातून काशीला श्राद्धाला, गंगापूजनाला, लघुरुद्राला माणसं येतात, त्यांच्या पानावर वरणभात, आमटी, वडे, खीर वाढायची असते. ते काम ह्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या चालत आलंय. गल्लीत ह्यांना सगळे गुरु म्हणतात. पण इथे पानवाल्यालाही गुरु म्हणतात आणि रिक्षावाल्यालाही, त्यामुळे त्या पदवीचं मला फारसं कौतुक नाही.

कौतुक आहे ते नाकाचं. आमच्याकडे सोवळ्यातला स्वयंपाक देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय चाखायचा नाही. पळीतलं थेंबभर तळहातावर घेऊन मीठ बघणं ह्यांच्या हातून कधी झालेलं नाही. हे पातेल्यावर वाकतात, डोळे मिटतात, एक लांब श्वास घेतात आणि निकाल देतात. एकदा साताऱ्याकडचं मोठं कुटुंब मणिकर्णिकेवरचं सगळं आटोपून जेवायला यायचं होतं. आमटीची दोन पातेली चुलीवर होती. ह्यांनी वास घेतला आणि म्हणाले, "ह्यात मीठ दोनदा पडलंय, त्यात एकदाही नाही." दोन्ही एकत्र करून ढवळली, नैवेद्य दाखवला आणि पंगत समाधानाने उठली. ती गोष्ट गल्लीत इतक्या वेळा सांगून झालीय की आता सांगणारे पातेली चार करतात.

नाक एवढं तिखट, तर अहंकारही त्याच मापाचा असणार. कोणाच्याही घरी गेलं की दारातूनच निकाल. "जिरं जळलं." "दूध कालचं आहे." माझ्या भावजयीने तर एकदा ह्यांना जेवायला बोलावलं आणि खिडक्या लावून घेतल्या. मी रागावते, भांडते, पण खरं सांगायचं तर मनातून मला अभिमानही वाटतो.

आमची मुलगी ऋता ह्या नाकाखालीच वाढली. लहानपणी तिने पहिल्यांदा वरण केलं तेव्हा हे बाहेरूनच म्हणाले, "हिंग आधी पडला." तिने ते वरण गाईला घातलं आणि दुसरं केलं. शाळेतून आली की दप्तर टाकायची आणि काहीतरी रांधून बापाच्या नाकाखाली धरायची. शाबासकीसाठी नाही, खरं काय ते कळावं म्हणून. दोघं तासन्‌तास वाद घालायचे, मी पोळ्या लाटत ऐकायची. घरातली माझी सगळ्यात आवडती करमणूक ती.

पुढे ती अन्नशास्त्र शिकायला पुण्याला गेली आणि तिथेच एका छोट्या कारखान्यात नोकरीला लागली. कारखाना बियरचा. फोनवर तिने ते सांगितलं तेव्हा ह्यांनी "बरं" म्हटलं, फोन माझ्या हातात दिला आणि अंगणात जाऊन तुळशीला पाणी घातलं. तुळशीला सकाळीच घालून झालं होतं. त्या दिवसापासून तिची तब्येत, भाडं, स्कूटर सगळ्याची चौकशी होते. कामाची होत नाही. तिने विषय काढला की ह्यांना नेमकी कुठलीतरी डाळ भिजत घालायची असते.

वर गंमत अशी, की हेच गृहस्थ शिवरात्रीला भांगेची ठंडाई दोन पेले घेतात आणि संध्याकाळभर घाटाच्या पायरीवर बसून स्वतःशीच हसतात. मी काही म्हटलं की उत्तर तयार. "तो महादेवाचा प्रसाद आहे."

गेल्या पौषात ऋता घरी आली. बॅग उघडली तर स्वेटरांत गुंडाळलेल्या काळ्या बाटल्या. मी दार लोटून घेतलं.

"आई, ही माझी आहे," ती म्हणाली. "पहिल्यांदाच अशी, की पूरी की पूरी माझी. आयडिया माझी, सगळं माझं." मग तिने मला समजावलं. जव अगदी काळे होईपर्यंत भाजून केलेली ही बियर, हिला स्टाउट म्हणतात. त्यात तिने भाजलेल्या कोकोच्या बिया घातल्या होत्या आणि सुकी लाल मिरची.

"मिरची? पिण्यात?"

"तिचाच तर झगडा आहे. मालक म्हणतात, मिरची अर्धी कर, लोक घाबरतील. बाकीचे म्हणतात, काढूनच टाक. मला वाटतं, आहे तीच बरोबर आहे. पण आता माझंच मला समजेना झालंय. परत गेल्यावर सांगायचंय त्यांना." ती बाटलीला चिकटलेली स्वेटरची लोकर काढत बसली. "मला बाबांना विचारायचंय. आणि ह्या वेळी त्यांनी तोंड फिरवलं ना आई, तर परत नाही विचारणार मी. कशाबद्दलच नाही."

तिने हे न रडता, न चिडता सांगितलं, म्हणून मी घाबरले. आमच्या घरात बाप-लेकीचं बोलणं म्हणजे चवींचं बोलणं. ते बंद झालं तर दोघं एकमेकांशी हवापाण्याबद्दल बोलणार, पाहुण्यांसारखं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गच्चीवर ऊन खात हे वाल सोलत बसले होते. ऋता पेला घेऊन समोर जाऊन बसली. मी शेजारी. पेल्यात काळं पेय आणि वर तपकिरी फेस, इथे थंडीत दुधाच्या फेसाची मलइयो मिळते तसा.

"पिऊ नका," ती म्हणाली. "नुसता वास घ्या."

हे पेल्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता डाळ आठवणार. पण वासाचा मोह तो! "वासाने काही सोवळं मोडत नाही," असं स्वतःलाच सांगितलं, पेला उचलला आणि डोळे मिटले.

"जव. भाजताना शेवटी आच वाढवलीस."

"हो!" ऋता पुढे सरकली. "मुद्दाम."

"कोको. चांगला आहे, जुना नाही. गूळ घातलास?"

"गूळ नाही, जवाचाच गोडवा आहे तो."

"हं. गुळाच्या जवळ जातो." बाप-लेक पुन्हा पूर्वीसारखे बोलत होते आणि मला कृतकृत्य वाटत होतं. तेवढ्यात हे म्हणाले, "आणि तिसरं काय?"

"मिरची."

ह्यांनी पुन्हा वास घेतला. मग आणखी एकदा, नाक फेसाला लागेपर्यंत. "नाही."

"आहे, बाबा."

"ह्यात मिरची नाही. विसरलीस तू. नाहीतर भलतीच बाटली उचलून आणलीस."

"कसम से, आहे! बाबा, मिरचीचं तिखट वासात नसतंच. फोडणीत धूर उठतो, म्हणून तुमच्या नाकाला झोंबते. ही थंड आहे, हिच्यात कुठून धूर येणार?"

"मिरची मला शिकवतेस? नाही म्हणजे नाही. मालकाला सांग, घालायची असेल तर घाला एकदाची."

ऋताचा चेहरा असा पडला की माझं डोकं फिरलं. तीन महिने पोर ज्या मिरचीसाठी भांडतेय ती हा माणूस गच्चीवर बसून नाहीशी करतोय! मी ह्यांच्या हातातला पेला ओढून घेतला आणि एक मोठा घोट घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच घेत होते, त्यामुळे घोट केवढा घ्यायचा ते ठाऊक नव्हतं.

आधी कोको लागला, साखर न घातलेला. मग भाकरीचा पापुद्रा तव्यावर जरा जास्त राहिला की लागतो तसा खमंग कडूपणा. मी म्हणणार होते, अगं बरं आहे की हे! तेवढ्यात घशात कोणीतरी काडी ओढली. कान गरम झाले, डोळ्यांतून पाणी, वर उचकी.

"आहे!" मी ओरडले. "मिरची आहे! चांगली सणसणीत आहे!"

"तुझं काय ऐकायचं?" हे वालाचं टोपलं जवळ ओढत म्हणाले. "इंदूरची माणसं पोह्यांबरोबर जिलबी खातात."

ऋता हसली नाही. पेला उचलून खाली गेली.

संध्याकाळी तिने निमूटपणे जेवण केलं. "भाजी छान झालीय," म्हणाली. आमच्या ऋताने भाजीला नुसतं छान म्हणावं, काहीही खोड न काढता, हे मला सहन होईना. ती शेजारच्या खोलीत गेल्यावर मी ह्यांना धरलं.

"तिला तुमचं कौतुक नकोय. निकाल हवाय. आणि न चाखता दिलेला निकाल खोटा असतो."

"मी आजवर न चाखताच देत आलोय."

"आणि आज चुकलात."

इतकं स्पष्ट त्यांना कोणी कधी म्हटलं नव्हतं. मग हळू आवाजात म्हणाले, "शरदिनी, तुला माहीत आहे. नैवेद्य दाखवल्याशिवाय मी काही तोंडात घालत नाही. आणि असला नैवेद्य कुठल्या देवाला..."

इथे ते थांबले. काशीत राहणाऱ्या कोणालाही ते वाक्य पुरं करता येणार नाही.

"बोला की पुढे," मी म्हटलं. "कुठल्या देवाला चालतो?"

"कालभैरव!" शेजारच्या खोलीतून ऋताचा आवाज आला. दाराला कान लावूनच बसली होती लबाड.

काशीचा कोतवाल आमच्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे. त्याच्या पुढ्यात रोज बाटल्या चढतात, त्याला कोणी नाक मुरडत नाही, आणि त्याचा प्रसाद नाकारायची छाती बनारसमध्ये कोणाची नाही. हे आपल्याच शब्दांत पुरते अडकले. थोडा वेळ पंचांग चाळल्यासारखं केलं, मग म्हणाले, "उद्या मंगळवार नाही. गर्दी नसेल." बायकोने काय समजायचं ते मी समजले.

सकाळी अंघोळी करून तिघं निघालो. पुढे हे, खांद्यावर शाल. मागे ऋता, पिशवीत बाटली, फुलं आणि तेलाचा दिवा. गल्लीत एक सांड आडवा उभा होता, त्याला वळसा घालताना बाटली चांगलीच हिंदकळली. माझ्या ते लक्षात आलं नाही, ऋताच्याही नाही.

पुजाऱ्याने बाटली उजेडात धरून पाहिली आणि तो काळा रंग बघून चक्रावला. "ई का हौ, बिटिया? एतना करिया?"

"मैंने बनाई है, महाराज. चॉकलेट है इसमें."

"अउर?"

"मिर्ची."

पुजाऱ्याने एकवार देवाच्या चांदीच्या मुखवट्याकडे पाहिलं. "ठीक हौ. बाबा सब सम्हार लेइहें."

ऋताने झाकण उघडलं आणि फेसाचं कारंजं उडालं. पुजारी, झेंडूच्या माळा, शेजारी गंडा बांधून घेणारे एक सुटाबुटातले साहेब, सगळ्यांना वाटा मिळाला. "अरे अरे, बाबा के नहवा देहलू!" देवालाच अंघोळ घातलीस म्हणून पुजारी ओरडला, पण हसतच. उरलेल्यातली थोडी वाटीत ओतून देवापुढे ठेवली, मंत्र पुटपुटला, आणि मग त्याने बाटली ह्यांच्यापुढे तिरकी केली.

ह्यांनी उजवा हात पुढे केला, डावा त्याच्याखाली. जन्मभर जसं तीर्थ घेतलं तसंच. तळहातावर काळी धार पडली. ह्यांनी डोळे मिटून ती ओठांनी ओढून घेतली आणि मग, तीर्थ घेतल्यावर आपण सगळेच करतो ते केलं. ओला हात दोन्ही डोळ्यांना लावला आणि मस्तकावरून फिरवला.

"बाबा, डोळ्यांना नको!" ऋता किंचाळली. उशीर झाला होता.

हे क्षणभर स्तब्ध उभे राहिले. मग जागच्या जागी नाचू लागले. डोळे घट्ट मिटलेले, गालांवरून पाणी, तोंडातून नुसतं "भैरवा! भैरवा!" पुजाऱ्याला वाटलं, अंगात आलं. त्याने मोरपिसांचा झाडू उचलला आणि ह्यांच्या पाठीवर सपासप मारायला सुरुवात केली. "बाबा का परताप हौ!" रांगेतली माणसं जयजयकार करू लागली. त्या साहेबांनी तर ह्यांच्या पायाला हात लावला. मी मदत करायला हवी होती हे मान्य, पण मी खांबाला धरून हसत होते.

ऋताने ह्यांना हाताला धरून बाहेर आणलं, हारवाल्याच्या फळीवर बसवलं, आधी पाण्याने आणि मग शेजारच्या दुकानातल्या गार दुधाने डोळे धुतले. हळूहळू एक डोळा उघडला. टोमॅटोसारखा लाल.

"मिरची आहे का हो?" मी विचारलं. मी काही साध्वी नाही.

"आहे," हे म्हणाले. मग हात पुढे केला. "आणखी दे. मघाशी नीट कळलं नाही. आता प्रसाद झालाय, चालतो."

पुजाऱ्याने परत दिलेली बाटली ऋताने तिरकी केली. हे ह्या वेळी सावकाश प्यायले. जिभेवर घोळवलं. गिळलं. थांबले. नाकाचा काही उपयोग नाही म्हटल्यावर ह्यांचा चेहरा कधी नव्हे इतकं लक्ष देऊन ऐकणाऱ्या माणसासारखा झाला.

"आधी गोड," ते हळूच म्हणाले. "मग कडू. मग काहीच नाही. संपलं म्हणून तोंड मिटावं, तर मागून येते."

"जास्त आहे का, बाबा?" ऋताने विचारलं. "अर्धी करू?"

ह्यांनी हात धुतला, शाल सावरली आणि घराकडे चालू लागले. ऋता माझ्याकडे बघत राहिली. मला त्या क्षणी ह्यांचा इतका राग आला की प्रसादाची बाटली डोक्यात घालावी असं वाटलं. प्यायले, डोळे भाजून घेतले, आणि तरी पोरीला एक शब्द देववत नाही?

गल्लीच्या तोंडाशी वेणीमाधवचं पानाचं दुकान. सकाळची सगळी रिकामी मंडळी तिथेच. ह्यांचे डोळे बघून वेणीमाधवने हात थांबवला. "का गुरु, आँख काहे लाल हौ? रोवत रहला का?"

धूर लागला म्हणायची चांगली सोय होती. मी मनातल्या मनात तेच उत्तर ऐकलंसुद्धा. हे थांबले, वळले आणि पंगतीत वाढप्यांना हाक मारायच्या आवाजात बोलू लागले.

"हमारी बिटिया बियर बनाती है. पुणे में. चॉकलेट और मिर्चा डाल के बनाई है. हम सूँघ के बोले, मिर्चा नहीं है. भैरव बाबा ने आँख में डाल के दिखाया कि है."

दुकानासमोरची माणसं पुढे सरकली. वर एका खिडकीची कडी निघाल्याचा आवाज आला.

"मतलब, नाक फेल हो गई, गुरु?" वेणीमाधवने जपून विचारलं. त्या नाकाच्या गोष्टी बाहेरच्या गिऱ्हाइकांना सांगून त्याने आजवर कितीतरी विडे विकले असतील.

"फेल," हे म्हणाले. "ऐसी चीज बनाई है कि नाक से पकड़ में नहीं आती. पीनी पड़ती है."

ज्या गल्लीत ह्यांनी कधी साध्या मिठाची चूकही कबूल केली नाही, त्या गल्लीत, सगळ्यांच्या देखत! ह्या माणसाशी मी लग्न केलं ते बरं केलं, असं मला अगदी मनापासून वाटलं. ऋता पिशवी छातीशी धरून उभी होती. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं आणि तिने तर डोळ्यांना हात लावला नव्हता.

हे तिच्याजवळ आले आणि मराठीत, फक्त घरात बोलतात त्या आवाजात म्हणाले, "मिरची कमी करू नकोस. कोणीही सांगितलं तरी."